दाट रंग, पातळ रंग आणि मानवाकृती

मराठीतल्या चित्रविषयक लेखनात एक समीकरण फार दिवसांपासून रूढ आहे. चित्रात तैलरंग जाड लावलेला असला, कुंचल्याचे फटकारे उघड दिसत असले, की त्याला ‘उत्कट’, ‘आवेगपूर्ण’, ‘भावनांचा उद्रेक’ अशी विशेषणे लावायची. आणि रंग गुळगुळीत बसवलेला असला की ‘संयत’ किंवा ‘नजाकतदार’ म्हणून मोकळे व्हायचे. प्रदर्शनांच्या परीक्षणांत, कॅटलॉगच्या प्रस्तावनांत, सौंदर्यशास्त्राच्या तासाला उतरवून घेतलेल्या टिपणांतही हे समीकरण भेटते. आमच्या मते ते चुकीचे आहे आणि त्याचे नुकसान त्याहून मोठे आहे. रंगाची जाडी म्हणजे भावनेचा ज्वर मोजण्याचे साधन असे एकदा मानले, की चित्रातल्या माणसाकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

आम्हांला मांडायचे आहे ते थोडक्यात असे : मानवाकृतीच्या चित्रात जाड रंग हा उद्गार नसतो, ती निवड असते. आकृतीचा कोणता भाग पाहणाऱ्याच्या अगदी जवळ आणायचा आणि कोणता दूर राखायचा, कुठे आधी शरीर दिसू द्यायचे आणि कुठे आधी रंग, याची ती निवड. म्हणून रंग कुठे जाड आहे हे विचारण्याआधी तो कुठे पातळ आहे हे विचारायला हवे. हा प्रश्न न विचारता केलेली जाड रंगाची स्तुती ही स्तुती ठरते, समीक्षा ठरत नाही.

या समीकरणाचे मूळ बहुधा व्हॅन गॉगच्या दंतकथेत आहे. त्याचे आयुष्य आपण आधी ऐकतो आणि चित्रे नंतर पाहतो. त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्यात आपल्याला यातनाच दिसू लागतात. वस्तुस्थिती अशी, की १८८५ साली न्यूनेन या खेड्यात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र रंगवण्यापूर्वीच्या महिन्यांत त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे सुमारे चाळीस अभ्यास केले होते. पुढे १८८८ साली आर्लहून भाऊ थिओला लिहिताना त्याने बजावले, की आपण घाईने रंगवतो असे लोक म्हणतील, पण त्या वेगामागे आधी केलेला पुष्कळ हिशेब असतो. त्याच्या पत्रांत व्याकुळतेच्या बरोबरीने रंगांच्या नळ्यांच्या मागण्या आणि कॅनव्हासची मापे येतात. जाड रंग महाग पडतो, लवकर संपतो आणि आधी ठरवून ठेवावा लागतो. उद्रेकाची भाषा या सगळ्या कामाला झाकून टाकते.

आता द्रव्याकडे वळू. जलरंगातले पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. तैलरंगातले जवसाचे तेल मात्र उडून जात नाही; ते हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. जाड थरावर आधी वरून साय धरते आणि आतला रंग दीर्घकाळ मऊ राहू शकतो. शिवाय शिशापासून केलेला पांढरा रंग घट्ट आणि चिवट असतो. कुंचल्याच्या केसांनी त्यात पाडलेल्या रेघा तो तशाच धरून ठेवतो. हाताची हालचाल अशी साठून राहते हा झाला एक परिणाम. दुसरा परिणाम आकृतिप्रधान चित्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याविषयी मराठीत क्वचितच बोलले जाते. वर उचललेला रंग खोलीतला खरा प्रकाश घेतो आणि शेजारी खरी सावली टाकतो.

म्हणजे अशा चित्रात दोन प्रकाश नांदत असतात. एक चित्रातला : डावीकडच्या खिडकीतून गालावर पडलेला, रंगवलेला. दुसरा आपण उभे असतो त्या दालनातला, रंगाच्या कडेकंगोऱ्यांवर पडणारा. अमूर्त चित्रात या दोहोंचे भांडण होण्याचे सहसा कारण नसते. चेहऱ्याच्या चित्रात ते होते. नाकाची सावली उजवीकडे रंगवली आहे आणि रंगाच्या उंचवट्याची खरी सावली नेमकी कपाळाच्या उजळ भागावर पडते आहे, असे झाले तर कपाळ मोडते. चित्रकाराला फटकाऱ्याची दिशा, उंची आणि जागा ठरवावी लागते ती यासाठी. तैलचित्रांच्या युरोपीय परंपरेत उजेडाच्या जागी दाट आणि अंधाराच्या जागी पातळ, पारदर्शक रंग लावण्याचा जो रिवाज पडला, त्याचे कारणही हेच. काळोख जाड थापला तर त्याच्या कंगोऱ्यांवर दालनातला उजेड चमकतो आणि काळोख डोळ्यांपुढे येऊन उभा राहतो. पातळ ठेवला तर तो मागे सरतो.

रेम्ब्राँच्या ‘ज्यू वधू’ या चित्राकडे या दृष्टीने पाहावे. साधारण १६६५ ते १६६९ या काळातले हे चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. एक पुरुष आणि एक स्त्री. त्याचा हात तिच्या छातीवर टेकलेला, तिची बोटे त्याच्या हातावर अलगद ठेवलेली. पाश्चात्त्य चित्रकलेत इतका शांत स्पर्श थोडाच सापडेल. या चित्रात रंग सर्वांत जाड कुठे आहे? पुरुषाच्या बाहीवर. पिवळ्या-सोनेरी रंगाचे तिथे जवळजवळ शिल्पच उभे केले आहे. रंग लावला आहे, रचला आहे, काही ठिकाणी खरवडलाही आहे. त्या मानाने चेहरे आणि एकमेकांवरचे ते हात कितीतरी मऊ हाताने रंगवले आहेत. जाड रंग म्हणजे भावना हे समीकरण खरे असते तर या चित्रातली सर्वांत उत्कट गोष्ट कापड ठरली असती.

खरा प्रकार उलटा आहे. बाही इतकी जड, इतकी हाताला लागण्याजोगी झाल्यामुळेच तिच्या टोकाचा हात हलका होतो. ते सारे वजन दंडावरून खाली उतरत येते आणि तळहातापाशी थांबते. तिथे भार नाही, नुसता स्पर्श आहे. हा परिणाम बाहीचा एकटीचा नाही आणि हाताचा एकट्याचाही नाही. तो दोहोंमधल्या अंतराचा आहे. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे सांगितली, ती आपण कवितेला लावून पाठ केली आहेत. बाही आणि हात यांच्यातला विरोध आणि त्यांचा समतोल इथे डोळ्यांनी दिसतो. नुसत्या जाडीला लय नसते.

हे रेम्ब्राँने योगायोगाने साधलेले नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या काही चित्रांतल्या जाड रंगाचे सूक्ष्म नमुने तपासले गेले, तेव्हा त्यांत प्लंबोनॅक्राइट हे शिशाचे एक दुर्मीळ संयुग आढळले. उंच उभारलेला रंग टिकून राहावा यासाठी तेलात शिशाचे ऑक्साइड मिसळण्याची युक्ती तो करत असावा, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ज्याला आपण आवेग म्हणतो त्याच्या मुळाशी असे घोटून, मिसळून, पारखून केलेले कारागिराचे काम आहे. हाउब्राकेन या चरित्रकाराने १७१८ साली त्याच्याविषयीच्या आख्यायिका नोंदवल्या. एक अशी, की त्याने एक व्यक्तिचित्र इतक्या जाड रंगाने रंगवले होते की ते नाकाला धरून उचलता आले असते. दुसरी अशी, की फार जवळ येऊन पाहणाऱ्यांना तो मागे ओढत असे. रंगाचा वास तुम्हांला त्रास देईल, असे सांगत असे. आख्यायिका खऱ्या असोत वा नसोत, त्यांत एक समकालीन अस्वस्थता आहे : हे चित्र पाहायचे तरी किती अंतरावरून?

हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. वासारीने १५६८ साली उतारवयातल्या टिशियनविषयी लिहिताना म्हटले होते, की ही चित्रे जवळून पाहता येत नाहीत, पण दुरून परिपूर्ण दिसतात. जवळ गेले की शरीर विरघळते आणि डाग उरतात. मागे सरले की डाग विरघळतात आणि शरीर उरते. गुळगुळीत चित्रात हे घडत नाही. तिथे जवळ गेल्यावर फक्त तपशील वाढतो. उघड्या फटकाऱ्यांच्या चित्रात मात्र जवळ जाणे म्हणजे माणसाला गमावणे, आणि मागे येणे म्हणजे तो कसा घडला हे विसरणे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाती लागत नाहीत. दाट रंगाने मानवाकृतीत काय घडते, याचे आमच्या दृष्टीने हे सर्वांत नेमके उत्तर आहे. माणूस एकदम मिळत नाही. पाहणाऱ्याला पावले टाकावी लागतात.

एकाच जाडीचे अर्थ किती वेगळे असू शकतात, हे फ्रँक आउअरबाखच्या चित्रांत दिसते. १९३१ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा मुलगा १९३९ साली इंग्लंडला पाठवला गेला; मागे राहिलेले त्याचे आईवडील नात्सींच्या छळछावणीत मारले गेले. २०२४ साली त्याचे निधन झाले. त्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे १९५० नंतरच्या दशकातल्या चेहऱ्यांत रंग थरावर थर साचलेला आहे : कालचा चेहरा पटला नाही म्हणून त्यावर आजचा, त्यावर उद्याचा. पुढच्या काळात त्याने पद्धत बदलली. दिवसाचे काम मनासारखे झाले नाही की तो सगळा रंग खरवडून काढी आणि दुसऱ्या बैठकीला नव्याने सुरुवात करी. त्यामुळे शेवटी जो चेहरा राही तो बहुतांशी एकाच बैठकीतला असे, पण त्याच्या मागे महिनोन्‌महिन्यांचे पुसलेले चेहरे असत. पहिल्या प्रकारात अपयश चित्रातच राहते आणि जाडी वाढवते. दुसऱ्यात अपयश फेकून दिलेले असते आणि जाडी ओली, ताजी, एका दिवसाची असते. पुनर्मुद्रणात दोन्ही सारखीच ‘जाड’ दिसतील. समीक्षकाने दोहोंना एकच विशेषण लावले तर त्याने चित्र पाहिलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

या जाडीला आउअरबाखच्या आयुष्याचा आधार देऊन ‘हरवलेल्या आईवडिलांचे दुःख’ म्हणून वाचणे सोपे आहे. तो मोह आवरावा. चित्रात प्रत्यक्ष जे आहे ते असे, की ज्यूलिएट यार्डली मिल्स ही एकच स्त्री त्याच्यासमोर सुमारे चाळीस वर्षे बसत होती आणि इतक्या वर्षांनंतरही तिचा चेहरा त्याला पाठ झाला नव्हता. ओळखीचा माणूस अनोळखी ठेवण्यासाठी त्याला तो रंग हवा होता. दुःखाच्या कोणत्याही भाष्यापेक्षा ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते.

त्याचा मित्र ल्यूसियन फ्रॉइड याचा प्रवास वेगळा. ‘पांढऱ्या कुत्र्यासह मुलगी’ (१९५०–५१) या चित्रात त्याचा रंग सपाट आणि बारीक आहे, त्वचा चिनी मातीसारखी. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्याने मऊ केसांचे बारीक कुंचले सोडून डुकराच्या राठ केसांचे कुंचले घेतले, आणि १९७० नंतरच्या दशकात शिशाचे प्रमाण भरपूर असलेला क्रेमनित्झ पांढरा वापरायला लागला. १९९५ सालच्या कोचावर झोपलेल्या स्यू टिलीच्या चित्रात मांस, वजन, ताणलेली कातडी हे सगळे त्या खडबडीत पांढऱ्याने घडवले आहे. इथे फटकारा शरीराचा उतार सांगतो, मांडीची गोलाई फिरवतो. म्हणजे फ्रॉइडचा जाड रंग शरीराला पाहणाऱ्याच्या जवळ आणतो, तर आउअरबाखचा जाड रंग चेहऱ्याला दूर नेतो. जाडीला स्वतःचा ठरीव अर्थ नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आमच्या म्हणण्याचा सर्वांत कठोर पुरावा मात्र गोव्याच्या माणसाने दिला आहे. १९२४ साली साळगावला जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ साली काढले गेले, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत होते आणि १९४९ साली लंडनला गेले. त्यांच्या जाड काळ्या रेषांचे, खिळ्यांसारख्या बोटांचे ख्रिस्त पुष्कळांना ठाऊक आहेत. १९५९ सालचे ‘क्रूसारोहण’ लंडनच्या टेट संग्रहात आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यात त्यांनी काही चित्रे फक्त काळ्या रंगात केली आणि १९६६ साली ती लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत मांडली. काळ्यावर काळे. समोरून पाहिले तर नुसता काळा फलक. बाजूला सरले, उजेड तिरपा पडला, की फटकाऱ्यांच्या कंगोऱ्यांवर डोळा उमटतो, जबडा उमटतो, बाईचे शरीर उमटते. एक पाऊल टाकले की पुन्हा काळोख.

या चित्रांत रंगभेद नाही, रंगवलेली छायाप्रकाशाची योजना नाही. आकृती जी काही आहे ती केवळ रंगाच्या जाडीची आणि फटकाऱ्याच्या दिशेची आहे. म्हणजे चित्रातला प्रकाश काढून टाकला आणि दालनातला प्रकाश तेवढा ठेवला. काळोख जाड लावू नये हा जुना दंडकही इथे उलटवला : जो दोष मानला जात होता त्यावरच सारी आकृती उभी केली. लंडनमध्ये परका, सावळा माणूस म्हणून वावरणाऱ्या चित्रकाराने समोर असूनही न दिसणारा माणूस रंगवावा, याचा अर्थ आम्ही वेगळा सांगण्याची गरज नाही. पण तो अर्थ चित्राच्या विषयात नाही, रंगाच्या पृष्ठात आहे. या चित्रांचे सरळ समोरून छायाचित्र घेतले तर त्या माणसातले फारच थोडे हाती लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जाड रंगाची आता शैली झाली आहे. पॅलेट नाइफने थापलेले चेहरे सजावटीच्या दुकानांत आणि हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसतात, बाजारालाही ते आवडतात. मग या खडबडीतपणात एवढे काय? आमचे उत्तर असे, की याच कारणासाठी पातळ कुठे आहे हा प्रश्न उपयोगी पडतो. सजावटीच्या चित्रात रंग सगळीकडे सारखाच जाड असतो. केस, गाल, मागची भिंत यांत त्याने निवड केलेली नसते. तिथे फटकारा आकृतीचे काही बिघडवत नाही आणि घडवतही नाही. रेम्ब्राँची बाही, आउअरबाखचा पुसलेला चेहरा आणि सूझांचा काळोख यांत तो काहीतरी पणाला लावतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे लक्ष का द्यावे? एक कारण ऐतिहासिक आहे. महाराष्ट्राच्या घराघरांत तैलचित्राची ओळख पोचली ती प्रामुख्याने छापील कागदावरून. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्याच्या ओलिओग्राफांनी देवादिकांची व नायिकांची रूपे भिंतीभिंतींवर नेली. या उपकाराबरोबर एक सवयही लागली : चित्र म्हणजे त्यातली गोष्ट, आणि रंगाचे पृष्ठ म्हणजे त्या गोष्टीकडे पाहण्याची पारदर्शक काच. आज वर्गातला प्रोजेक्टर आणि हातातला मोबाइल हीच सवय अधिक चोखपणे जोपासतात.

दुसरे कारण आपल्याच घरातले आहे. द. ग. गोडसे यांच्या १९६३ सालच्या ग्रंथाचे नाव ‘पोत’. कापडाच्या व्यवहारातला हा शब्द त्यांनी आपल्या कलाविचारात मानाने बसवला. त्याच वर्षी ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. ‘कोसला’चे कथानक चार ओळींत सांगता येते आणि त्या चार ओळींत ‘कोसला’ नसते, कारण पांडुरंग सांगवीकर त्या तुटक, तिरकस, मध्येच पातळ होणाऱ्या वाक्यांतच राहतो. आपण मात्र परीक्षेला आशय, व्यक्तिरेखा आणि ‘भाषाशैलीची वैशिष्ट्ये’ असे तीन कप्पे करतो, आणि तिसऱ्या कप्प्यात ‘भाषा उत्कट व प्रवाही आहे’ असे लिहून गुण घेतो. चित्रावर लादलेले समीकरण आणि हा तिसरा कप्पा यांत आम्हांला फरक दिसत नाही.

एक भेद अर्थातच मानला पाहिजे. ‘कोसला’ची स्वस्त प्रत ही पूर्ण ‘कोसला’ असते. ‘ज्यू वधू’चे उत्तम मुद्रण ही ‘ज्यू वधू’ नसते. शब्दांचा पोत छापून हाती येतो, रंगाचा येत नाही. त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला पोत न पाहण्याची सबबच उरत नाही. आणि चित्राच्या बाबतीत त्याला एकदा तरी मूळ चित्रासमोर जावे लागते. त्यासाठी आम्स्टरडॅम गाठण्याची आवश्यकता नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे.

मराठी विभागांच्या सहली लेखकांच्या जन्मगावी जातात. एखादी अशा संग्रहालयात जावी, असे आम्ही सुचवतो. एकाच व्यक्तिचित्रासमोर विद्यार्थ्यांना तीन अंतरांवर उभे करावे आणि रंग कुठे पातळ आहे एवढेच लिहून आणायला सांगावे. चित्रातली व्यक्ती कोण, तिच्या मनात काय चालले असावे, हे प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवावेत. मग परत आल्यावर तोच प्रश्न कथेच्या एका पानाला विचारावा : इथे लेखकाने कुठे वजन टाकले आहे, आणि कुठे हात उचलला आहे? ‘उत्कट’ हा शब्द न वापरता लिहिलेले उत्तर दोन ओळींचेच असले तरी चालेल.